चालत्या घरातलं मीठ

आमच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस चपला काढतो, बसतो आणि पाणी मागतो. धुरीकाका पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी चपला काढल्या आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन मिठाची बरणी उघडली. चिमूटभर मीठ बोटांत धरलं, चोळलं, पुन्हा बरणीत सोडलं आणि लाटणं हातात धरून बघत राहिलेल्या मला म्हणाले, "उद्या चादरी धुवू नको, सुनबाई." मग आले तसे निघून गेले.

लग्न होऊन मी गिरगावातून लालबागला आले त्याला तेव्हा जेमतेम चार दिवस झाले होते. परका माणूस मिठाला हात लावून गेला म्हणून मी घाबरून सासूबाईंना हाक मारली. त्या बाहेरूनच म्हणाल्या, "कोण, म्हादू धुरी ना? बरणीचं झाकण लाव नीट." त्यांना यात विशेष काही वाटलेलं दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी मी हट्टाने चादरी धुतल्या. त्या तीन दिवस वाळल्या नाहीत, आणि महिना डिसेंबरचा होता हे मुद्दाम सांगते.

आता त्या चाळीच्या जागी बावीस मजली इमारत आहे, लिफ्टमधली बाई तीन भाषांत मजल्यांचे आकडे बोलते आणि काकांनी सत्तरी ओलांडली आहे. मिठाची सवय मात्र तशीच. सकाळी साडेसातला बेल वाजली की दूधवाला तरी असतो, नाहीतर धुरीकाका. पांढरा लेंगा, बाह्यांचा बनियन, गळ्यात नाडीने लटकवलेला मोबाईल. "येऊ?" असं विचारतात, पण तोवर एक पाय आत आलेला असतो. चहा घ्या म्हटलं तर "नको, वर वारा एकटाच आहे" असं काहीतरी सांगून पसार होतात.

तरुणपणी काका परळच्या एका गिरणीत सूत कातायच्या खात्यात होते. तिथे हवा कोरडी पडली की सूत पटापट तुटायचं, म्हणून पाण्याचे बारीक फवारे सोडून हवा दमट राखावी लागे. ते काम काकांकडे. "सगळं खातं घाम पुसत असायचं आणि मी वरून आणखी ओलावा सोडायचो," असं ते अजून अभिमानाने सांगतात. शिव्या किती खाल्ल्या तेही सांगतात. गिरणी बंद पडली, पण हवेचा नाद त्यांना तिथूनच लागला असावा असं मी धरून चालले होते.

एकदा मी न राहवून विचारलं, "काका, तुमच्या घरी मीठ नाही का?"

"आहे की. पण ते बंद बरणीतलं. कोण उघडत नाय, कोण घालत नाय. तसलं मीठ खोटं बोलतं. चालत्या घरातलं मीठ पाहिजे."

काकू माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, मुलगी बदलापूरला दिलेली, आणि काकांचं दोन्ही वेळचं जेवण डब्याचं. हे सगळं मला माहीत होतं, तरी मीठ या अंगाने मी त्याचा कधी विचार केला नव्हता. त्या दिवशी मी बरणी फडताळातून काढली आणि ओट्याच्या पुढच्या कोपऱ्यात, त्यांच्या हाताशी येईल अशी ठेवली. ती अजून तिथेच असते.

काकांची खरी कचेरी गच्चीवर. तिथून पश्चिमेला, दोन टॉवरांच्या मधल्या फटीतून, समुद्राचा वीतभर तुकडा दिसतो. मधे तिसरा टॉवर उठतोय. त्याचा एक मजला चढला की काकांचा समुद्र बोटभर कमी होतो आणि त्या दिवशी त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसतो. वाऱ्याची दिशा बघायला ते कठड्यावर अगरबत्ती लावतात. अकराव्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या एका बाईंनी आठवडाभर हे पाहिलं, पाण्याच्या टाकीपाशी काही जागृत स्थान असावं असं समजल्या आणि शनिवारी नारळ घेऊन वर गेल्या. काकांनी नारळ फोडला, खोबरं वाटलं आणि त्यांना सांगितलं, "वारा ईशान्येचा. दिवस कोरडा जाईल."

त्यांना छातीठोक सांगा म्हटलं की उत्तर ठरलेलं: "थांब, वारा अजून ठरवतोय." हे वाक्य आमच्या घरात इतकं रुळलंय की दहावीनंतर काय घेणार असं विचारलं तर माझी मुलगीसुद्धा हेच तोंडावर फेकते. वेधशाळेबद्दल मात्र काका कधी वाकडा शब्द काढत नाहीत. "ती मुंबईचं सांगते. मी लालबागचं सांगतो. दोघांची हद्द वेगळी," असं त्यांचं म्हणणं.

लालबागचं हे हवामान रोज सकाळी तळमजल्यावर, लिफ्टजवळच्या फळ्यावर खडूने लिहिलं जातं. फळा सोसायटीच्या सूचनांसाठी आहे. सेक्रेटरी नऊ वाजता डस्टर घेऊन येतात आणि पुसतात. दुसऱ्या दिवशी काका पुन्हा लिहितात. दोघे एकमेकांशी या विषयावर एक अक्षर बोलत नाहीत. मजकूर साधारण असा असतो: 'लालबाग – मीठ कोरडे. वाळवण घालावे.' आणि त्याखाली, न चुकता: 'देवगड – वारा अमुक, आभाळ तमुक.'

हे देवगड माझ्या डोक्यात कित्येक वर्षं घुटमळत होतं. एकदा विचारलं तर काका म्हणाले, "पावसाळी वारा तिकडूनच येतो ना. आधी तिथे, मग इथे." पटण्यासारखं होतं. पण देवगडची ओळ जानेवारीतही असायची, जेव्हा वारा उत्तरेचा असतो. हे मी त्यांच्याकडूनच शिकले होते, म्हणून जास्तच खटकलं.

उलगडा सासूबाईंनी केला. त्यांचं आणि काकांचं दर उन्हाळ्यात वाळवणावरून वाजतं. गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे कधी घालायचे हे काका ठरवतात आणि सासूबाईंना ते मान्य नसतं, पण त्यांना विचारल्याशिवाय घालतही नाहीत. यंदा मेमध्ये आम्ही दोघी उडदाच्या लाट्या करत बसलो होतो तेव्हा मी सहज म्हटलं, "देवगडात काकांचं कोण आहे हो?"

"भाऊ आहे. बाळा. धाकटा." सासूबाईंनी लाटी आपटली. "वीस वर्षं झाली, बोलत नाहीत."

काकांची आई गेली तेव्हा काका मुंबईत होते. त्यांच्याकडे अग्नी द्यायचा मान थोरल्याचा. बातमी कळताच ते मिळेल त्या गाडीने निघाले. इकडे गावात आभाळ भरून आलं. गावचं मसण उघडं, वर छप्पर नाही, लाकडं भिजली तर पेटणार नाहीत. काका वाटेत असतानाच बाळाने फोन केला, "दादा, आभाळ कोणासाठी थांबत नाय." आणि त्याने स्वतःच्या हाताने सगळं उरकलं. काका चार तासांनी पोचले तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं. पावसाचा एक थेंब आला नव्हता.

"हा म्हणाला, चार तास थांबला असतास तर? एवढंच. बाळाने खाली मान घातली. हा त्याच पावली परत फिरला," सासूबाई म्हणाल्या. "त्याआधी म्हादू कधी वर बघायचा नाही. हे मीठ, हा वारा, सगळं त्यानंतरचं."

मी पापड लाटत राहिले, पण तो गोल काही झाला नाही. मिठाची बरणी उघडणारा तो सुकलेला हात सारखा डोळ्यांसमोर येत होता.

याच्या पुढच्याच आठवड्यात अरबी समुद्रात, गोव्याच्या खाली, कमी दाबाचा पट्टा तयार झाला. काकांचा फळा अपुरा पडू लागला. सकाळी लिहायचे, दुपारी खोडायचे, संध्याकाळी भिंतीवर कागद चिकटवायचे. सूर्याभोवती खळं पडलं ते त्यांनी लिफ्टमधून माणसं खेचून नेऊन दाखवलं. एरवी खांद्याला खांदा लागला तरी न बोलणारे लोक "दक्षिणेचा झाला म्हणे" असं एकमेकांना सांगू लागले. मीही दिवसातून दोनदा गच्चीवर जायला लागले. खोटं कशाला बोलू, मजा येत होती. अगरबत्तीचा धूर आज कुठे वळतो हे पाहिल्याशिवाय चैन पडत नव्हतं.

मोबाईलच्या नकाशावर ते वादळ गोल गोल फिरताना दिसायचं. त्याची कड देवगडला टेकली होती.

"फोन करा ना, काका," मी म्हणाले.

"कुणाला?"

"देवगडला."

"इथे दिसतंय की सगळं," काका म्हणाले, आणि दोन बोटांनी नकाशा ताणत राहिले. जिल्हा गेला, तालुका गेला, शेवटी पडद्यावर फक्त एक खाडी आणि तिच्या काठचं एक वळण उरलं. तरी ते ताणतच होते.

शुक्रवारी चौथ्या मजल्यावरच्या कांबळेंच्या प्रज्ञाची हळद होती. गच्चीवर पिवळा मांडव घातलेला, खुर्च्या मांडलेल्या, कार्यक्रम संध्याकाळी सहाचा. सकाळी काका आमच्याकडे आले आणि त्यांनी मिठात बोटं घातली. मीठ बोटांना चिकटून वर आलं. त्यांनी हात झटकला, तरी ते सुटेना. मी इतक्या वर्षांत त्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता.

"आज येतो," ते म्हणाले. वारा ठरवतोय वगैरे काही नाही. सरळ "येतो."

बारापर्यंत दक्षिणेकडे आभाळ खरंच काळं झालं. वेधशाळेने तुरळक सरींची शक्यता सांगितली होती, पण काकांचा हिशेब मोठा होता. ते चौथ्या मजल्यावर गेले. मी मागोमाग होते. कांबळेकाकू दारातच भेटल्या.

"वहिनी, मांडव उतरवा. हळद खाली पार्किंगमध्ये घ्या, आणि पाचच्या आत उरका."

"अहो, पण माझा भाऊ साताऱ्याहून निघालाय. साडेपाच होतील त्याला," काकू म्हणाल्या. "मामाशिवाय कशी हळद लावू पोरीला? थोडं थांबले तर नाही का चालणार?"

"थांबू नका. आभाळ कोणासाठी थांबत नाय," काका म्हणाले.

हे वाक्य मी आठवड्यापूर्वी सासूबाईंच्या तोंडून ऐकलं होतं. काकांच्या मात्र ते लक्षात आलेलं दिसलं नाही. मी काही बोलले नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

मामाला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, यष्टीत बसलोय, विमानात नाही. होऊ दे तुमचं." मग सगळी इमारत कामाला लागली. मांडव सुटला, खुर्च्या खाली आल्या, सासूबाईंचे अर्धे वाळलेले सांडगे आमच्या पलंगावर आले. तीन वाजता पार्किंगमध्ये, दोन गाड्यांच्या मधे, प्रज्ञाची हळद लागली. वारा नाही, पंखा नाही. हळद लावणाऱ्यांच्या कपाळावरून घाम असा वाहत होता की कोणाची हळद आणि कोणाचा घाम ते कळत नव्हतं. काका फाटकाजवळ उभे राहून आभाळाकडे बघत होते.

चार वाजता वारा सुटला. "आला!" काका ओरडले. सगळे बाहेर धावले. धूळ उडाली, कोणाचा तरी टॉवेल अकराव्या मजल्यावरून खाली आला. मग वारा पडला. काळं आभाळ हळूहळू समुद्राकडे सरकत गेलं आणि टॉवरांच्या आड दिसेनासं झालं. साडेचारला ऊन पडलं. वादळ पश्चिमेला वळून खोल समुद्रात निघून गेल्याचं बातम्यांत सांगत होते.

प्रज्ञाचा मामा पाच वीसला आला. हातात कंदी पेढ्यांचा डबा, खांद्याला बॅग, शर्ट पाठीला चिकटलेला. पार्किंगमध्ये लोक बटाटेवडे खात होते. प्रज्ञा आंघोळ करून, ओल्या केसांनी खाली आली होती.

"झाली पण?" त्याने विचारलं.

"पाऊस येणार होता ना रे," कांबळेकाकू म्हणाल्या.

मामाने मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. उन्हाने सगळा रस्ता पांढरा झाला होता. "दोन तास थांबला असतात तर?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही, कोणावर चिडला नाही. तेवढं बोलून त्याने डबा बहिणीच्या हातात दिला.

सगळ्यांची नजर फाटकाकडे गेली. काकांनी खाली मान घातली होती.

प्रज्ञा मोठी गुणी पोर. तिने वाटीच्या तळाला राहिलेली हळद शोधून आणली आणि धुतलेला गाल मामासमोर धरला. त्याने बोटाने हळद लावली आणि तो रडायला लागला, मग ती, मग काकू. आमच्या सासूबाईंनीही पदर डोळ्याला लावला. मी फाटकाकडे पाहिलं तर काका तिथे नव्हते.

मी वर गेले. गच्चीवर मांडवाचे नुसते बांबू उभे होते. काका कठड्याजवळ पालथ्या घातलेल्या बादलीवर बसले होते. अगरबत्ती लावलेली नव्हती. मला वाटलं, अंदाज चुकल्याचं लागलं असेल.

"जाऊ द्या हो काका. एखाद्या वेळी चुकतं."

"सुनबाई, आभाळ काळं होतं ना? तू पण बघितलंस ना?"

"होतं. मी स्वतः पाहिलं."

"मीठ ओलं होतं. वारा दक्षिणेचा. काय कमी नव्हतं." ते हाताकडे बघत राहिले. "मुद्दाम नाय केलं मी."

"कोण म्हणतंय मुद्दाम केलं?"

गळ्यातला मोबाईल त्यांनी डोळ्यांजवळ नेला. नंबर 'देवगड' या नावाने ठेवलेला होता. पुतण्याच्या लग्नपत्रिकेवरून उतरवून घेतला होता, लग्नाला गेले नव्हते, हे त्यांनी नंतर सांगितलं. काका फोन नेहमी स्पीकरवर लावतात, त्याशिवाय ऐकू येत नाही. मी निघायला लागले तर त्यांनी हाताने थांबायची खूण केली.

"हॅलो, कोण?"

"बाळा, मी म्हादू."

तिकडे कोंबडा ओरडला.

"दादा? काय झाला? बरो आसस मा?"

"बरो आसंय." काका म्हणाले. "हय पाऊस इलो नाय."

"काय?"

"पाऊस रे. मी सगळ्यांका सांगलंय, येतलो म्हणान. आभाळ काळाकुट्ट झालेला. एका पोरीची हळद व्हती, तिचो मामा वाटेत व्हतो. मी म्हटलंय, थांबू नकात. आणि इलोच नाय पाऊस."

मला वाटलं फोन कटला.

"मामा काय म्हणालो?" बाळाने विचारलं.

"मी तुका जा काय बोललंय, ताच."

"दादा, त्या दिवशी खरोच भरलेला रे आभाळ."

"भरलेला असतला," काका म्हणाले. "माका आज कळला."

मी समुद्राच्या वीतभर तुकड्याकडे पाहत उभी होते आणि तो मला नीट दिसत नव्हता. मग बाळाने सांगितलं की तिकडे नुसता वारा झाला, आता ऊन आहे आणि उरलेले आंबे उद्या उतरवायचे आहेत.

"उतरव. पण सकाळीच उतरव," काका नेहमीच्या आवाजात म्हणाले. "वारो अजून ठरवता हा."

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी आणि सासूबाई सांडग्यांची ताटं घेऊन लिफ्टची वाट बघत होतो. फळ्यावर खडूने लिहिलं होतं:

'लालबाग – कालचा अंदाज साफ चुकला. वाळवण घालावे.

देवगड – आभाळ स्वच्छ. भाऊ बरा आहे.'

नऊ वाजले होते. सेक्रेटरी डस्टर घेऊन आले, त्यांनी वाचलं आणि सवयीने हात उचलला.

"आज राहू दे तो फळा," सासूबाई म्हणाल्या.